मामांनी पाहिलेली गाडी

गाडी बघायला जाताना घालायचं मामांचं जाकीट वेगळं होतं. तपकिरी, जाड कापडाचं. समोरून ठीकठाक, पण पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मध्ये घासून पांढरं पडलेलं. मामा गाडी उभ्याने बघत नसत, निजून बघत. सोबत कालचं वर्तमानपत्र, एक टॉर्च आणि लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर. विकणारा इंजिन सुरू करून आवाज ऐकवायला जायचा तेव्हा मामा त्याला हातानेच थांबवायचे. मग रस्त्यावर कागद अंथरून उताणे व्हायचे आणि खांद्यांनी सरकत सरकत गाडीखाली दिसेनासे व्हायचे. बाहेर उरायचे फक्त बुटांचे तळवे. थोड्या वेळाने आतून ठोकल्याचा आवाज यायला लागायचा. टण. टण. टण. एखाद्या ठिकाणी 'टण' न येता 'थप' आला की ठोकणं थांबायचं, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला कळायचं की ही गाडी काही आपली नव्हे.

त्या शहरात आपली भाषा बोलणारी साठ-सत्तर कुटुंबं होती. कोणाला कंपनीने पाठवलेलं, कोणी विद्यापीठात, कोणी बँकेत. बहुतेकांचा मुक्काम दोन वर्षांचा, तीन वर्षांचा, फार झालं तर पाच. येतानाच परत जायची तारीख ठाऊक असलेल्या माणसाला गाडी घेणं अवघड जातं. नवी घ्यावी तर जाताना मातीमोल द्यावी लागते. जुनी घ्यावी तर परक्या मुलखात विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून काही कळत नाही. आणि गाडीशिवाय तर भागत नाही, कारण बस होती ती मोठ्या रस्त्यापुरती. शाळा, दवाखाना, आठवड्याचं सामान, सगळं त्या रस्त्यापासून लांब.

म्हणून तिथे एक पद्धत पडली होती. परत जाणाऱ्याने आपली गाडी नव्याने येणाऱ्याला द्यायची. मध्ये दलाल नाही, जाहिरात नाही. मध्ये फक्त मामा. 'मामांनी पाहिलीय' एवढं म्हटलं की गाडीचं पासिंग झालं. त्यानंतर ती गॅरेजात नेऊन पुन्हा तपासून घेणं कोणी करत नसे. करावंसं वाटलं तरी करत नसे. उद्या मामांच्या कानावर गेलं तर त्यांना काय वाटेल, हा प्रश्न होता.

मामा मोटार मेकॅनिक नव्हते. एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात ते फिटर होते. चादरी, पडदे, डॉक्टरांचे कोट, सगळं तिथे यायचं. माणूस आत उभा राहील एवढे सहा ड्रम होते, आणि त्यांतला एखादा अडला की मामांना हाक जायची. ही यंत्रं बसवून द्यायला ते तीन वर्षांच्या करारावर आले होते. करार एक-एक वर्षाने वाढत गेला आणि एकोणीस वर्षं झाली. तरी घरातल्या एकाही भिंतीत खिळा नव्हता. घड्याळ फ्रिजवर ठेवलेलं. मुलीच्या लग्नाचा फोटो कपाटाला टेकवून उभा. सुटकेसा नजरेसमोर, उद्या निघायचं असल्यासारख्या. एका शाळेच्या कँटीनमध्ये कामाला जाणाऱ्या मामी कोणालाही घरी बोलावताना म्हणायच्या, "या की एकदा आमच्या धर्मशाळेत चहाला."

धुलाईखान्यात मामांना कोणी नावाने हाक मारत नसे. त्यांच्या कपाटाचा नंबर दोन, म्हणून ते 'दोन नंबर'. आपल्या लोकांत मामा म्हणायचे, पण तिथेही सगळे शिकलेले, मोठ्या हुद्द्यांवरचे. चार घरं एकत्र जमली की बोलणं व्हिसा, शेअर आणि मुलांच्या परीक्षांवर जायचं. मामा दाराजवळच्या खुर्चीत बसून चहा संपवायचे. ही माणसं गप्प उभी राहून मामांच्या तोंडून काय निघतं याची वाट बघायची ती फक्त एकाच वेळी, मामा गाडीखाली असताना. वर्षाकाठी सहा-सात वेळा हा प्रसंग यायचा. मामांना तो पुरत होता.

त्या साली थंडीत धुलाईखान्याच्या ओल्या फरशीवर मामांचा पाय सटकला आणि उजवा गुडघा मुरगळला. सूज उतरली, चालता यायला लागलं, पण गुडघा पुरता वाकेना. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. मामांनी नेहमीप्रमाणे ठरवलं की तिकडे परत गेल्यावर बघू. कामावर त्यांनी चाकांचं एक बुटकं स्टूल मिळवलं आणि त्यावर बसून ते यंत्रांची खालची कामं उरकू लागले. जमिनीवर बसलं तर काहीतरी धरल्याशिवाय उठता येत नव्हतं. हे फक्त मामींना माहीत होतं. "सांगा ना चारचौघांत," मामी म्हणायच्या, "गुडघाच दुखतोय, चोरी नाही केलीत." मामा ऐकल्यासारखं करायचे.

थंडी सरता सरता मातीवाल्यांचा फोन आला. हे नाव लोकांनी ठेवलेलं. नवरा विद्यापीठात दोन वर्षांसाठी मातीवर संशोधन करायला आला होता. बायको फिजिओथेरपिस्ट होती, इस्पितळातली चांगली नोकरी सोडून सोबत आलेली. चार वर्षांची मुलगी होती, तिला सगळे छोटी म्हणत. आल्यापासून आठ महिने बाई घरात होती. तिची पदवी इथे मान्य व्हायची तर कागद पाठवायचे, ते परत यायचे, पुन्हा पाठवायचे, मग परीक्षा. या आठ महिन्यांत ती मामींना एकदा म्हणाली होती की आता कोणी 'तुम्ही काय करता' विचारलं की मी छोटीकडे बोट दाखवते.

अखेर ती परीक्षा पास झाली आणि काम मिळालं. घरोघरी जाऊन, पडून झडून अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना पुन्हा उभं करायचं, चालवायचं. दिवसाला सहा-सात घरं. ज्या संस्थेने कामावर घेतलं तिची अट एकच होती. स्वतःची गाडी हवी, आणि एक तारखेला हजर व्हायचं. हाताशी वीस दिवस होते. आठ महिन्यांच्या एकाच पगारातून शिल्लक पडली होती तेवढ्यात दहा वर्षांहून तरुण गाडी बसत नव्हती.

पहिल्या आठवड्यात मामांनी त्यांच्यासाठी दोन गाड्या बघितल्या आणि दोन्ही नाकारल्या. एकीच्या इंजिनाखाली तेलाचं थारोळं होतं. दुसरीचे चारही टायर आतल्या बाजूने झिजलेले, म्हणजे ती कुठेतरी जबर आपटलेली. दोन्ही वेळा मामांना खाली जावं लागलं नाही. गाडी नापास करायला उभ्याने चालतं. पास करायला निजावं लागतं.

तिसरी गाडी बँकवाल्यांची. पाच वर्षं इथे काढून बँकवाले महिनाअखेरीला परत निघाले होते. गाडी राखाडी रंगाची, मागे लांबरुंद डिकी. तिला सगळे करडी म्हणायचे, कारण ती सगळ्यांच्या ओळखीची होती. नऊ वर्षांपूर्वी एका औषधवाल्या कुटुंबाने ती घेतली तेव्हा मामाच तिच्याखाली निजले होते. पुढे ती बँकवाल्यांकडे आली तेव्हाही मामाच. मागच्या सीटवर छोटीची खुर्ची बसत होती, डिकीत बाईचं घडीचं टेबल आणि दोन वॉकर बसत होते. किंमत आवाक्यात होती. मातीवाला फोनवर म्हणाला, मामा, तुम्ही फक्त हो म्हणा.

रविवारी सकाळी बँकवाल्यांच्या दारात सात-आठ जण जमले. गाडी घेणारे, देणारे, शेजारचे दोघे, आणि निरोपाला म्हणून आलेले आणखी कोणी. पाऊस नुकताच थांबला होता. रस्ता ओला होता. मामा तपकिरी जाकीट घालून आले. बोनेट उघडून तेल बघितलं, पाणी बघितलं. टायरवरून तळहात फिरवला. मातीवाल्याला शेजारी बसवून दोन चौक फिरवून आणली, चढावर मुद्दाम थांबवून क्लच सोडून बघितला. गाडी दणकट वाटत होती. परत येऊन मामांनी काखेतलं वर्तमानपत्र काढलं आणि डाव्या बाजूला, दोन्ही दारांच्या मध्ये अंथरलं. कागद लगेच ओला झाला. लोक सवयीने थोडे मागे सरकले आणि गप्प झाले.

मामांनी हात दारावर टेकला, उजवा पाय पुढे घेतला आणि खाली जायला लागले. अर्ध्यात थांबले. पुन्हा सरळ झाले.

"हिला आता काय नवीन बघायचं?" ते म्हणाले. "दोनदा हिच्याखाली निजलोय मी. तिसऱ्यांदा निजलो तर मामी घरात घेणार नाही."

सगळे हसले. बँकवाले जरा जास्तच हसले, कारण त्यांना विमानाच्या सामानाची बांधाबांध करायची होती. मामांनी दार धरून जेमतेम कंबरेत वाकून टॉर्च मारला आणि हात पोचेल तिथे, दाराखालच्या पत्र्याच्या बाहेरच्या कडेवर, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं. टण. टण. टण. बँकवाल्यांनी आपणहून सांगितलं की मध्ये दीड वर्ष बँकेने त्यांना बंदराच्या शाखेत टाकलं होतं, गाडी किनाऱ्यालाच लावावी लागायची, म्हणून तिथून निघताना गॅरेजवाल्याकडून तळाला काळा लेप मारून घेतलाय. त्यांनी काही लपवलं नव्हतं. लेपाने गाडीचं भलं झालं असंच त्यांना वाटत होतं. एरवी एवढ्या वाक्यावर मामा दोनदा खाली गेले असते. समुद्राच्या हवेत राहिलेला पत्रा आणि वरून ताजा लेप म्हणजे काय असू शकतं, हे त्या रस्त्यावर उभ्या असलेल्यांत एकट्या मामांना माहीत होतं.

"चांगलं केलंत," मामा म्हणाले.

मातीवाला बायकोच्या कानाशी पुटपुटला की दोन महिन्यांत वार्षिक तपासणी आहे, त्याआधी एकदा गॅरेजात दाखवून घ्यायची का. ती हळूच म्हणाली, "मामांसमोर?" ती स्वतः गाडीकडे बघत नव्हती. ती मामांकडे बघत होती.

मामांनी ओला कागद गोळा करून खिशात कोंबला. "घ्या," ते म्हणाले, "घरचीच आहे."

एक तारखेला बाई कामावर हजर झाली. पुढचे पाच आठवडे मामींना तिचे फोन यायचे ते गाडीतून, दोन घरांच्या मधल्या वेळात. दोन मिनिटांचे. एका निवृत्त टपालवाल्याला तिने दाराची एक पायरी चढायला लावली होती आणि तो वर जाऊन रडायला लागला होता, कारण त्याला आता उतरायची भीती वाटत होती. एक आजीबाई व्यायाम न करता सगळा वेळ तिला शेजाऱ्यांच्या कागाळ्या सांगायच्या, मग तिने ठरवलं की एका कागाळीला दहा वेळा पाय उचलायचा. मामी म्हणाल्या, या मुलीचा आवाजच बदलला. मामांनी मान हलवली.

एकदा ती कामावरून परतताना बिस्किटांचा डबा घेऊन वर आली. चहा होईपर्यंत मामा खाली जाऊन करडीभोवती दोन फेऱ्या मारून आले. टॉर्च सोबत नेला होता. वर आल्यावर मामींनी नुसतं बघितलं. मामा म्हणाले, टायरमध्ये हवा कमी आहे का बघत होतो. गाडी खालून बघायची तर दुसऱ्या कोणाला तरी निजायला सांगावं लागलं असतं, आणि का ते सांगावं लागलं असतं. मामांनी बिस्किट चहात बुडवलं.

सहाव्या आठवड्यात वार्षिक तपासणी आली. सरकारी केंद्रात गाडी लोखंडी रॅम्पवर चढवून डोक्याच्या वर उचलतात आणि तपासनीस खाली उभा राहून बघतो. त्याच्याकडे टोकदार सळई होती. बाई काचेपलीकडे बसली होती. तपासनिसाने तिला बोट हलवून आत बोलावलं, काळ्या लेपावर सळई टेकवली आणि दाबली. सळई आत गेली, ओल्या पुठ्ठ्यात जावी तशी. फरशीवर गंजाचे तपकिरी पापुद्रे पडले. दुसऱ्या बाजूला तेच. मागच्या सीटखालचा आडवा पत्रा, ज्याला छोटीची खुर्ची अडकवली होती, तो हाताने तुटला. तपासनीस उद्धट नव्हता. ही गाडी इथून चालवत नेता येणार नाही, एवढं त्याने दोनदा सांगितलं आणि काचेवर लाल कागद चिकटवला. दुरुस्तीला गाडीच्या किमतीहून जास्त लागेल, असंही म्हणाला.

तिने तिथूनच मामांना फोन केला. आवाज शांत होता. "मामा, गाडी इथेच ठेवावी लागेल म्हणतायत. छोटीला शाळेतून आणायचंय आणि मला अजून तीन घरं बाकी आहेत. तुम्हाला सुटता येईल?"

मामा अर्धी रजा टाकून निघाले. आधी छोटीला घेतलं, मग बाईला तीन घरी नेऊन सोडलं आणि प्रत्येक घराबाहेर गाडीत थांबले. छोटीने मागच्या सीटवरून विचारलं की आमची गाडी आजारी आहे का. मामा म्हणाले, हो.

संस्थेने दहा दिवस दिले. नियमच तसा होता. पहिल्या दिवशी मामांनी आपली गाडी देऊ केली. किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, मी पहाटेच्या इस्पितळाच्या बसने जाईन. पण कामाला वापरायची गाडी बाईच्या नावावर हवी होती, तसा विमा हवा होता, आणि पंधरा वर्षांवरच्या गाडीचा तो विमा निघत नव्हता. मामांची गाडी सतरा वर्षांची होती. ती घेतानाही, आता जायचंच आहे म्हणून त्यांनी स्वस्तातली घेतली होती.

मामांनी बँकवाल्यांना फोन लावला. ते आता आपल्या घरी, आपल्या माणसांत होते. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. ते मनापासून हळहळले. पैशातले थोडे परत पाठवतो म्हणाले, आणि पुढे पाठवलेही. पण बोलता बोलता म्हणून गेले, "पण मामा, तुम्ही पाहिली होती ना?" त्यात आरोप नव्हता. त्यांना खरंच समजत नव्हतं.

उरलेल्या दिवसांत मामा रजा घेऊन गाड्या शोधत हिंडले. मातीवाल्यांच्या हातात आता उरलं होतं त्यात मिळणाऱ्या गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, काहींच्या आत गवत उगवलेलं. बाई बसने दोन घरं करायची. तीन घरांपर्यंत बस जात नव्हती, तिथे चालत जायची, उशिरा पोचायची. टपालवाल्याला संस्थेने दुसरी बाई दिली. अकराव्या दिवशी पत्र आलं. भाषा सभ्य होती. गाडीची सोय झाल्यावर जागा असल्यास पुन्हा अर्ज करावा. तिने कामाचा अंगरखा धुऊन, इस्त्री करून परत केला.

त्यानंतर आठवडाभराने मामा त्यांच्या घरी गेले. माफी मागायची असं वाटेत ठरवलं होतं. जिने चढून वर गेल्यावर मात्र ते करडी भंगारात द्यायचं बोलत बसले. कोणते कागद लागतील, ओढून न्यायला कोण येईल, नंबरच्या पाट्या आधी काढून घ्याव्या लागतील. मातीवाला मान डोलवत होता. कोपऱ्यात एक सुटकेस उघडी होती आणि छोटी तिच्यात बसून तिची होडी करत होती. शाळेला सुट्टी लागली की बाई आणि छोटी परत जाणार होत्या. तिकडच्या इस्पितळात तिची जागा अजून भरली नव्हती. नवरा उरलेलं वर्ष एका खोलीत काढणार होता. हे त्यांनी मामांना बातमी द्यावी तसं सांगितलं, भांडण होऊन गेलेल्या घरात सांगतात तसं, एकमेकांकडे न बघता.

मग बाई उठली, मामांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "पाय इकडे करा."

"कशाला?"

"करा तर."

तिने पॅन्ट वर सरकवून गुडघ्याच्या वाटीभोवती दोन्ही अंगठे दाबत नेले. मामांनी दात आवळले.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मामा."

"थंडीत. ओल्या फरशीवर पाय गेला."

तिने पाय हळूहळू वाकवायला घेतला आणि जिथे तो अडला तिथे थांबली. फार खाली गेलाच नव्हता. "त्या दिवशी तुम्ही कागद अंथरलात आणि या पायावर भार घ्यायला गेलात," ती म्हणाली, "तेव्हाच मला कळलं होतं की तुम्ही खाली जाणार नाही. मामी घरात घेणार नाही वगैरे म्हणालात, तेव्हा सगळे हसले. मी नाही हसले."

मामा पॅन्ट खाली ओढायला लागले. तिने पाय सोडला नाही.

"माझं कामच आहे ते. माणूस कसा उभा राहतो ते बघायचं. आठ महिने बसून होते तरी तेवढं विसरले नव्हते. सरळ म्हणायला हवं होतं, मामा सरका, टॉर्च द्या, मी निजते. पण मी म्हणाले नाही. म्हटलं सात-आठ माणसं उभी आहेत, तुम्हाला कसं वाटेल."

"मग म्हणायचं होतंस," मामा म्हणाले. पाठोपाठ, आवाज खाली आणून, "मी ऐकलं नसतं म्हणा."

"हो," ती म्हणाली, "तेही वाटलंच."

मातीवाला उठून आत गेला. गॅरेजची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही, आणि काढली नाही हे तिघांनाही कळलं. बाईने छोटीच्या चित्रकलेच्या वहीतला एक कागद फाडला आणि त्यावर चार माणसं काढली, काड्यांच्या हातापायांची. खुर्चीत बसून पाय सरळ करणारा. भिंतीला पाठ लावून थोडा खाली सरकणारा. जमिनीवर उताणा निजून गुडघा छातीशी ओढणारा. एका पायावर तोल धरणारा. प्रत्येकाखाली किती वेळा ते लिहिलं. "रोज," ती म्हणाली, "आणि चुकवायचं नाही. मी फोन करून विचारीन." मामांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. जिना उतरताना ते कठडा धरून एकेक पायरी उतरले. वरून ती बघत असणार हे त्यांना माहीत होतं.

भंगाराच्या आवारात करडी पोचवायला मामा एकटेच गेले. मातीवाल्याला त्यांनी येऊ नको म्हणून सांगितलं. ओढून आणणाऱ्या ट्रकने गाडी उतरवली आणि तिथल्या माणसाने क्रेनने उचलून ती चार लाकडी ओंडक्यांवर ठेवली. कागद करायला तो पत्र्याच्या खोलीत गेला. आवारात दुसरं कोणी नव्हतं. मामांच्या अंगात तपकिरी जाकीट होतं. त्यांनी वर्तमानपत्र काढलं, अंथरलं, ओंडका धरला आणि दातओठ खात खाली बसले, मग उताणे झाले, आणि खांद्यांनी सरकत करडीखाली गेले.

टॉर्च लावायचीही गरज नव्हती. डोळ्यांपासून हातभर अंतरावर काळा लेप फुगलेला होता, उकळत्या डांबरासारखा, फोड फोड आलेला. मामांनी मुठीने ठोकलं. थप. थोडं पुढे ठोकलं. थप. त्यांनी स्क्रूड्रायव्हर उलटा करून टोक टेकवलं आणि ते आपोआप आत गेलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्या रविवारीही दोन मिनिटं लागली नसती.

ते बाहेर सरकले. पण उठता येईना. डाव्या कुशीवर वळून बघितलं, ओंडक्याला हात घालून बघितलं. उजवा पाय वाकून अंगाखाली येत नव्हता आणि त्याच्याशिवाय अंग वर जात नव्हतं. ओला कागद पाठीला चिकटला होता. आवाराचा माणूस कागद घेऊन परत आला तोवर मामा जमिनीवर बसून होते. त्याने काही न विचारता त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं. मग पाठीवरचा कागद सोडवून दिला, गाडीकडे बघितलं, आणि काही राहिलंय का आत, असं विचारलं. मामांनी नाही म्हणून सही केली.

उन्हाळ्यात नवी कुटुंबं आली. एका संध्याकाळी फोन आला. नुकताच आलेला कोणी संगणकवाला होता. त्याला आपल्याच लोकांपैकी एकाची गाडी मिळत होती, मामांनी रविवारी येऊन नजर टाकावी अशी विनंती होती. मामांनी त्याला एका गॅरेजचा पत्ता दिला. ते लोक गाडी रॅम्पवर चढवून बघतात, तास लागतो, पैसे घेतात, म्हणाले. समोरचा म्हणाला, पण तुम्ही पाहिलीत तर पैसे कशाला. मामा म्हणाले, पैसे द्या. त्याने आणखी दोनदा आग्रह केला. मामांनी पत्ता पुन्हा सांगितला, रस्त्याच्या खुणेसकट, आणि फोन ठेवला.

पुढे महिन्याभरात असे तीन फोन झाले. मग थांबले. मामांना आता गर्व झालाय, असं चार घरांत बोललं गेलं, आणि ते फिरून मामींच्या कानावर आलं. मामींनी घरी येऊन सांगितलं आणि विचारलं की एकदा खरं काय ते सांगून का टाकत नाही. मामा म्हणाले, गर्वच बरा.

बाईचा फोन मात्र महिन्यातून एकदा येतो, इस्पितळातून, दोन पेशंटांच्या मध्ये. छोटीची शाळा, नवऱ्याचं संशोधन, आणि शेवटी गुडघा. मामा सांगतात, रोज करतो. ते खोटं नाही. कागद फ्रिजवर घड्याळाखाली ठेवलेला आहे. खुर्चीतला व्यायाम होतो, भिंतीचा होतो, तोल धरायचाही आता बराच जमतो. तिसरा जमिनीवर निजून करायचा आहे. तो मामा पलंगावर करतात.